उसन्या चालींचा पाळणा

डिसेंबर उजाडला की जर्मनीतील लाइपझिग नगरात संगीताचा हंगाम खऱ्या अर्थाने भरास येतो. सभागृहांतील मैफिली शरद ऋतूतच सुरू झालेल्या असतात हे खरे. परंतु ख्रिस्ती उपासनेचे नवे वर्ष आरंभते ते नाताळापूर्वीच्या चौथ्या रविवारी, आणि चर्चमधील गायकवृंदांचे वर्षही मनाने त्याच दिवशी उजाडते. १२१२ साली स्थापन झालेला सेंट थॉमस चर्चचा बालगायकांचा वृंद आणि तेथील विख्यात गेवांडहाउस वाद्यवृंद मिळून या दिवसांत दरवर्षी योहान सेबास्टियन बाखचा ‘नाताळ ओरॅटोरिओ’ सादर करतात. ओरॅटोरिओ म्हणजे निवेदन, एकलगायन आणि समूहगायन यांतून धर्मकथा सांगणारी, परंतु रंगभूमीवर न आणता केवळ गाइली जाणारी रचना. आपल्याकडे रामनवमीस जन्माचे कीर्तन जसे गावोगाव होते, तसा जर्मन गावांत हा ओरॅटोरिओ होतो. गवई हौशी असोत की नामांकित, नाताळ त्यावाचून सुना वाटतो.

बाखच्या काळी मात्र या हंगामाचा प्रारंभ गाण्याने नव्हे, तर शांततेने होत असे. पहिल्या रविवारी वाद्यांसह गायन होई आणि त्यानंतरचे तीन रविवार लाइपझिगच्या चर्चमधील वाद्यसंगीताची सारी शोभा आवरून ठेवली जाई. तो आत्मशोधाचा, प्रतीक्षेचा काळ. सामुदायिक स्तोत्रे तेवढी चालू राहत. अशा तीन आठवड्यांच्या मौनानंतर २५ डिसेंबर १७३४ रोजी सकाळी सेंट निकोलस चर्चमध्ये जमलेल्या भाविकांच्या कानी पहिला ध्वनी पडला तो नगाऱ्याचा, आणि तोही एकट्याचा. त्यामागून बासऱ्या, पुन्हा नगारा, मग इतर वाद्ये, तुताऱ्यांचा जल्लोष आणि अखेर साऱ्या वृंदाचा एकमुखी घोष. आज सभागृहात बसून, आदल्या दिवशी दुसरी एखादी मैफल ऐकून आलेल्या श्रोत्यास त्या नगाऱ्याचा अर्थ पुरतेपणी कळणे कठीणच. उपवासाचा दिवस पाळल्याशिवाय पारण्याची चव कशी कळावी?

ही रचना एका बैठकीत गाण्यासाठी नव्हतीच. तिचे सहा भाग सहा पवित्र दिवसांना वाटून दिलेले होते : २५, २६ आणि २७ डिसेंबर, १ जानेवारी, नववर्षातील पहिला रविवार म्हणजे १७३५ सालची २ जानेवारी आणि ६ जानेवारी. येशूचा जन्म, मेंढपाळांना देवदूतांनी दिलेली वार्ता, त्यांचे गोठ्याकडे जाणे, बालकाचे नामकरण आणि पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांचे आगमन, असे कथानक दिवसादिवसाने उलगडत जाई. चार दिवस तर हे गायन दोनदा होई. सकाळी एका चर्चमध्ये, दुपारी दुसऱ्यात. श्रोत्यांच्या हाती शब्दांची छापील पुस्तिका असे.

आणि हे सारे गावयाचे कोणी? तर सेंट थॉमस शाळेतील मुलांनी. बाख १७२३ पासून तेथे संगीतशिक्षक व नगराचा संगीतप्रमुख होता. १७३० साली त्याने नगरपरिषदेला एक सविस्तर निवेदन सादर केले होते. त्यातील हिशेब मोठा बोलका आहे : उपयोगी पडतील असे विद्यार्थी १७, अद्याप तयार न झालेले २० आणि सर्वस्वी निरुपयोगी १७. एका वृंदात निदान १२ आणि शक्य तर १६ गायक हवेत, अशी त्याची अपेक्षा होती. ज्या संगीताला आज आपण अमर म्हणतो ते हजेरीपटाची अशी चिंता वाहणाऱ्या मनुष्याने, थंडीच्या दिवसांत, शाळकरी मुलांकडून बसवून घेतले होते, हे लक्षात ठेवावयास हवे.

आता या ओरॅटोरिओची खरी गंमत, आणि कित्येकांच्या दृष्टीने खरी अडचण, पाहावयाची. त्यातील अनेक प्रमुख पदांच्या चाली चर्चसाठी जन्मलेल्याच नव्हत्या. नगाऱ्यांनी सुरू होणारा तो आरंभीचा समूहघोष एक वर्षापूर्वी, ८ डिसेंबर १७३३ रोजी, सॅक्सनीच्या राजघराण्यातील मारिया योझेफा हिच्या वाढदिवसानिमित्त गाइला गेला होता. आणि तोही त्सिमरमान नामक गृहस्थाच्या कॉफीगृहात. तेथे मूळ शब्दच नगाऱ्यांना निनादण्याची आज्ञा करणारे होते, म्हणून नगारा आधी वाजला. शब्द बदलले, नगारा राहिला.

त्याच वर्षी ५ सप्टेंबर रोजी राजपुत्राच्या अकराव्या वाढदिवशी बाखने आणखी एक संगीतिका सादर केली होती. तिचे कथानक ग्रीक पुराणातले. तरुण हर्क्युलिस दोन वाटांच्या तिठ्यावर उभा आहे. एका वाटेवर सद्गुण, दुसरीवर विलास. विलासाची देवता त्याला मोहात पाडण्यासाठी अंगाईसारखे पद गाते : निजून जा, सुख भोग, कोणतीही मर्यादा मानू नकोस, अशा आशयाचे. आणि हर्क्युलिस तिला झिडकारतो. ओरॅटोरिओच्या दुसऱ्या दिवशी मेंढपाळ गोठ्याशी जातात तेव्हा बालयेशूसाठी जो पाळणा गाइला जातो, तो या विलासदेवतेच्याच चालीचा आहे! हर्क्युलिसने जिच्यावर धिक्काराचे शब्द गाइले ती चालही वाया गेलेली नाही. पहिल्या दिवशी, येणाऱ्या प्रियतमाच्या स्वागतास सज्ज हो असे सांगणाऱ्या पदात ती येऊन बसली आहे. नकाराची चाल स्वागताची झाली, मोहिनीची चाल मातेची झाली.

एकोणिसाव्या शतकातील काही भाविक अभ्यासकांना हे पचविणे जड गेले. लाइपझिगची नोकरी स्वीकारताना १७२३ साली बाखने लेखी हमी दिलेली होती की, चर्चमधील संगीत फार लांबविणार नाही, ते नाटकी वाटू देणार नाही आणि त्यायोगे श्रोत्यांच्या ठायी भक्तिभावच जागा करीन. मग कॉफीगृहातील चाल देव्हाऱ्यात आणणे हा त्या वचनाचा भंग नव्हे काय? हा प्रश्न मराठी वाचकास अपरिचित वाटू नये. नाटकातील पदाच्या चालीवर कीर्तनकाराने अभंग म्हटला की मान डोलावणारे आणि नाक मुरडणारे असे दोन पक्ष आपल्या देवळांतही पडतच आले आहेत. गणेशोत्सवात चित्रपटगीताच्या चालीवरील आरती ऐकून प्रस्तुत लेखकानेही आजवर दुसऱ्याच पक्षाची बाजू घेतली आहे.

परंतु बाखचा हा पाळणा ऐकल्यावर तो पक्ष तितकासा भक्कम राहत नाही. कारण बाखने चाल नुसती उचललेली नाही. मूळ पद बालकंठाच्या उंच स्वरात होते. ते त्याने खाली, मंद्र स्वराच्या गायकासाठी आणले, आणि त्या गळ्याच्या वर एक सप्तक अंतरावर बासरीला सोबतीस ठेवले. एवढ्याने तेच स्वर निराळे होतात. मोहिनीच्या तोंडी जे लाडिक होते ते येथे काळजीचे होते. लांबवलेला स्वर पूर्वी आळस सुचवीत होता, आता तो पाळण्याच्या दोरीसारखा हलत राहतो. चाल उसनी असली तरी स्वर लावण्यामागील भाव उसना नाही. चित्रपटाच्या चालीवरील आपल्या आरतीत खटकते ते बहुधा तिचे मूळ नव्हे. तिच्यात कोणी काही बदललेले नसते, हे खटकते.

शिवाय एक व्यावहारिक बाजूही आहे. राजकुटुंबाच्या वाढदिवसाचे गाणे एकदा वाजले की संपले. पुढच्या वर्षी नवा प्रसंग, नवे शब्द. नाताळ मात्र दरवर्षी येतो. चांगली चाल अशा नश्वर जागेतून काढून कायमच्या जागी ठेवावी, असे कोणत्याही जाणत्या कारागिरास वाटेल. गंमत अशी की, त्या कायमच्या जागीही ती दीर्घकाळ पडूनच राहिली. समग्र ओरॅटोरिओ पुन्हा गाइला गेला तो १८५७ साली, बर्लिनच्या ‘झिंग-अकादमी’ या गायनसंस्थेत, एडुआर्ड ग्रेल याच्या नेतृत्वाखाली. आपल्या उत्तर हिंदुस्थानात उठावाची धामधूम चालू होती त्याच वर्षी.

देवाच्या बाळाला निजविण्यासाठी चाल उसनी घेण्याची ही रीत पुढे भावगीताच्या मैफिलीतही आली. ब्राम्सने आपला मित्र, व्हायोलिनवादक योझेफ योआखिम आणि त्याची गायिका पत्नी आमालिए यांच्यासाठी एक अंगाईगीत रचले. स्त्रीचा धीरगंभीर आवाज, पियानो आणि व्हायोला एवढाच त्याचा पसारा. गीतातील मेरी वाऱ्यात सळसळणाऱ्या ताडवृक्षांना शांत होण्याची विनवणी करते. परंतु तिने तोंड उघडण्यापूर्वीच व्हायोलावर एक जुनी लोकप्रिय नाताळची अंगाई वाजू लागते, जिच्यात मेरी योसेफाला पाळणा हलवावयास बोलावते. घरातील यजमानाचे नावही योझेफ! हे गीत १८८४ साली प्रसिद्ध झाले तेव्हा मात्र त्या दांपत्याचा संसार मोडला होता. हिवाळ्याच्या मैफिलींत आजही ते गाइले जाते.

मूळ ओरॅटोरिओकडे परत येऊ. सगळे सहा भाग मिळून सुमारे अडीच तासांचे गायन होते. म्हणून पुष्कळ ठिकाणी पहिले तीनच भाग एका संध्याकाळी होतात आणि उरलेले तीन बहुधा ऐकावयास मिळत नाहीत. गाणाऱ्यांची सोय त्यात आहे, तरीही हे बरे नव्हे. कारण पहिल्या दिवशी जे पेरले आहे ते सहाव्या दिवशी उगवते. पहिल्या भागात, नुकत्याच झालेल्या जल्लोषानंतर, ‘तुझे स्वागत कसे करू’ अशा आशयाचे एक साधे स्तोत्र वृंद गातो. त्याची चाल लाइपझिगच्या भाविकांना पाठ होती. परंतु ती गुड फ्रायडेच्या, येशूच्या काटेरी मुकुटाच्या आणि रक्ताळलेल्या मस्तकाच्या स्तोत्राची चाल म्हणून. पाळण्याशेजारी वधस्तंभाची सावली पाडण्याचा बाखचा हेतू होता की नाही, यावर विद्वानांत वाद आहे. ज्याने त्याने ऐकून ठरवावे. या चालीचे मूळही देवघरातले नाही. हान्स लिओ हास्लर याने १६०१ साली छापलेले ते एक प्रेमगीत होते. एका कुमारिकेने आपले चित्त गोंधळवून टाकल्याची तक्रार करणारे.

आणि ६ जानेवारीस, ज्ञानी पुरुष आपापल्या देशी परतल्यावर, तुताऱ्या आणि नगारे पुन्हा वाजू लागतात. त्या जल्लोषाच्या ऐन मध्यातून वृंद संथपणे तीच चाल उचलतो. भोवताली विजयाची वाद्ये, मध्ये ते शोकाचे स्तोत्र, आणि त्याच्याही तळाशी कुणा तरुणाचे शतकापूर्वीचे प्रेमगीत. एवढे झाल्यावर गायन थांबते.