फुटबॉल क्लब कुठे तग धरतो?

२००७ ते २०१९ या काळात पुण्याने चार व्यावसायिक फुटबॉल संघ पाहिले आणि चारही गमावले. पुणे एफसी २००७ मध्ये सुरू झाला, २०१२-१३ च्या आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेत उपविजेता ठरला आणि त्यानंतर दोन हंगामांत त्याचा खेळ थांबला. भारत एफसी एकाच हंगामाचा पाहुणा ठरला. डीएसके शिवाजियन्स २०१७ नंतर आय-लीगमध्ये दिसला नाही. इंडियन सुपर लीगच्या पहिल्याच वर्षी, २०१४ मध्ये, विश्वविजेत्या फ्रेंच संघात खेळलेला डेव्हिड ट्रेझेगे एफसी पुणे सिटीकडून बालेवाडीत उतरला होता. तो संघही २०१९ मध्ये विसर्जित झाला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला मिळाली.

गोष्ट इथे संपत नाही. त्याच वर्षी दिल्लीचा संघ उठून भुवनेश्वरला गेला आणि ओडिशा एफसी झाला. २०२५ मध्ये हैदराबादचा संघ दिल्लीला हलला. भाड्याचे घर बदलावे तसे संघ शहरे बदलत राहिले आणि दर वेळी मागे राहिले ते जर्सी विकत घेतलेले प्रेक्षक.

भारतात नवा संघ कुठे काढायचा, हे ठरवताना आजवर शहराची लोकसंख्या, तिथली क्रयशक्ती, विमानतळ आणि मालकी घेऊ शकणारा उद्योगसमूह यांकडेच आधी पाहिले गेले. या कसोट्यांवर पुणे पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण व्हायला हवे होते. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांवर होती. पण बालेवाडीचे स्टेडियम शहराच्या पश्चिम टोकाला आहे. मुळात ते ॲथलेटिक्ससाठी बांधलेले असल्याने प्रेक्षक आणि खेळ यांच्या मध्ये धावण्याचा ट्रॅक येतो. चार संघांना मालक मिळाले, प्रशिक्षक मिळाले, परदेशी खेळाडूही मिळाले. मात्र ‘हा आमचा’ म्हणत मालकाच्या दारावर धडक मारणारी वस्ती त्यांच्यामागे उभी राहिली नाही. मालकाने हात आखडताच संघ संपला.

याच्या अगदी उलट उदाहरण ऐझॉलचे. मिझोरामच्या या राजधानीची लोकसंख्या २०११ मध्ये तीन लाखांच्या आत होती. २०१५-१६ च्या हंगामात ऐझॉल एफसी आय-लीगमधून खाली घसरला होता. पुढे गोव्याच्या क्लबांनी लीगमधून माघार घेतली, त्यामुळे त्याला पुन्हा संधी मिळाली. खालिद जमील यांच्या मार्गदर्शनाखाली त्याच संघाने ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये बरोबरी साधून आय-लीगचे विजेतेपद मिळवले. मोहन बागान आणि बेंगळुरू एफसीसारखे श्रीमंत संघ मागे पडले.

हे घडण्याआधी पाच वर्षे मिझोरामने एक काम करून ठेवले होते. २०१२ मध्ये मिझोराम प्रीमियर लीग सुरू झाली आणि झोनेट या स्थानिक केबल वाहिनीने तिचे प्रायोजकत्व घेतले. सामने घराघरांत दिसू लागले. गल्लीतला मुलगा टीव्हीवर झळकू लागला. २०१४ मध्ये मिझोरामने संतोष करंडक जिंकला आणि तीन वर्षांनी आय-लीग. देशाच्या राजधानीपासून दूर असलेल्या एका डोंगरी शहराने मोठ्या मालकाची वाट न पाहता हे केले, म्हणून भारतीय फुटबॉलच्या अलीकडच्या इतिहासात ऐझॉलचे स्थान फार मोलाचे आहे.

महाराष्ट्रात असे शहर शोधायचे तर दूर जायला नको. कोल्हापूर आहेच.

राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला आणि पेठापेठांत तालमी रुजल्या. पुढे याच तालमींनी फुटबॉल उचलला. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, म्हणजे ‘केएसए’ची, स्थापना १९४० ची. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे कोल्हापुरात नुसत्या संघांची नाहीत. तालीम म्हणजे पेठेचा गणपती, शिवजयंती, अडीअडचणीला धावून येणारी पोरे आणि हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमवर उतरणारे अकरा जण. पाटाकडील तालीम, म्हणजे ‘पीटीएम’, विरुद्ध दिलबहार असा सामना असला की दुपारी शहराचा ओघ स्टेडियमकडे वळतो. विश्वचषकाच्या दिवसांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे पेठांच्या भिंतींवर चढतात. तालमींकडून आफ्रिकी खेळाडूही खेळून गेले आहेत आणि त्यांची नावे पेठेतल्या आजीबाईंनाही ठाऊक असतात.

खेळाडूंचीही वाण नाही. २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तो घडला आणि नंतर जमशेदपूर, हैदराबाद, ओडिशा या संघांकडून सुपर लीग खेळला. त्याला व्यावसायिक संघ मिळाला तो शहर सोडल्यावर. ही खंत कोल्हापूरला आजही टोचायला हवी.

मग २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या घरात लोकसंख्या असलेल्या या शहरात आजवर मोठा व्यावसायिक क्लब का उभा राहिला नाही? पैशाचा प्रश्न आहेच, पण खरा पेच तालमींच्या निष्ठेचा आहे. ज्या निष्ठेने स्टेडियम भरते, तीच निष्ठा एका सामाईक संघाच्या आड येऊ शकते. पाटाकडीलचा पाठीराखा दिलबहारच्या खेळाडूसाठी घसा कोरडा करील का? त्यात प्रेक्षकांच्या हुल्लडबाजीमुळे हंगाम थांबवण्याची वेळही कोल्हापूरवर आलेली आहे. दगड भिरकावणाऱ्या चारदोन टोळक्यांपायी शहराच्या हक्काच्या खेळावर कुलूप लागावे, ही गोष्ट पेठांनी स्वतःच थांबवली पाहिजे. पोलिसांच्या बळावर भरवलेल्या सामन्यांना कुटुंबे येत नाहीत आणि प्रायोजकही येत नाहीत.

निष्ठेच्या पेचावर केरळने तोडगा काढलेला दिसतो. मलबारात ‘सेव्हन्स’चे, म्हणजे सात-सात खेळाडूंचे सामने गावोगावी रंगतात आणि गावांतली चुरस कोल्हापूरच्या पेठांना तोडीस तोड आहे. तरीही २०१४ मध्ये केरळ ब्लास्टर्स सुरू झाला तेव्हा मलबारातून प्रेक्षक गाड्या करून कोचीला गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये सहा संघांची सुपर लीग केरळ सुरू झाली. कालिकत, मलप्पुरम, कन्नूर, त्रिशूर यांना आपापले शहरसंघ मिळाले. पहिले विजेतेपद कालिकत एफसीने कोझिकोडमध्ये, घरच्या प्रेक्षकांसमोर जिंकले. सेव्हन्स बंद पडले नाहीत आणि शहरसंघही उभे राहिले.

फुटबॉलचे शहर म्हणून कोझिकोडचा दावा तसाही भक्कम आहे. तिथल्या गोकुलम केरळने २०२०-२१ आणि २०२१-२२ अशी सलग दोन वर्षे आय-लीग जिंकली. शिलाँगही मागे नाही. मार्च २०२५ मध्ये भारताचे मालदीव आणि बांगलादेशविरुद्धचे सामने तिथे झाले. नागपूर-कामठी पट्ट्यातही फुटबॉल जुना आहे. रब्बानी क्लबसारखी नावे तिथे टिकून आहेत, पण तिथल्या खेळाला आधी नियमित, पाहायला लोक येतील अशी स्थानिक लीग हवी.

वाराणसीचा अनुभव वेगळा आणि बोलका आहे. २०२३ मध्ये निघालेला इंटर काशी मैदानावर झपाट्याने वर आला. क्रीडा लवादाच्या निकालानंतर २०२४-२५ च्या आय-लीगचे विजेतेपदही त्याच्याकडे आले. पण वाराणसीत योग्य स्टेडियम नसल्याने त्याला ‘घरचे’ सामने पश्चिम बंगालमधल्या कल्याणीत खेळावे लागले. गावाचे नाव छातीवर आणि गाव शेकडो किलोमीटर दूर, अशा अवस्थेत पाठीराखे जमणार कसे?

आर्थिक बाजूही सरळ मांडली पाहिजे. व्यावसायिक फुटबॉल क्लब भारतात सहसा नफा देत नाही. जुलै २०२५ मध्ये तर इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगामच स्थगित झाला, कारण अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला २०१० चा पंधरा वर्षांचा करार संपत आला होता आणि पुढे काय, हे ठरलेले नव्हते. खेळाडूंचे पगार आणि सराव अधांतरी राहिले. सर्वांत वरच्या पायरीवर उडी मारून बसणाऱ्या संघाचा खर्च मोठा, आणि पायरीच डळमळली तर सगळेच जाते. म्हणून नव्या शहराने खालून चढावे. महासंघाने २०२३ मध्ये आय-लीग ३ सुरू केली आहे. राज्याच्या लीगमधून तिथे, तिथून आय-लीग २, मग त्यावर, अशी वाट आता उघडी आहे. पंजाब एफसी २०२३ मध्ये आणि मोहम्मेडन स्पोर्टिंग २०२४ मध्ये आय-लीग जिंकूनच सुपर लीगमध्ये पोचले.

कोल्हापूरने हीच वाट धरावी. तालमींचा हंगाम आहे तसा चालू राहू दे, तिथली चुरस हीच शहराची ठेव आहे. केएसएच्या पुढाकाराने सर्व तालमींमधून निवडलेला एक शहरसंघ राज्य पातळीवर उतरवावा. त्यात तालमींना आणि सामान्य कोल्हापूरकरांना थोडा-थोडा का होईना भाग द्यावा, म्हणजे एका मालकाचे मन फिरले तरी संघ उठून दुसऱ्या गावी जाणार नाही. सोबत तेरा आणि पंधरा वर्षांखालील मुलांचे संघ हवेतच. आशियाई महासंघाच्या परवान्यासाठी युवा संघ, पात्र प्रशिक्षक, हिशेब आणि मैदान हे सारे तपासले जाते. प्रकाशझोत, खेळाडूंच्या खोल्या, महिला प्रेक्षकांसाठी सुरक्षित जागा आणि स्वच्छतागृहे यांची तयारी आजपासून केली तरच काही वर्षांत ती पुरी होईल.

पुण्यात चार वेळा झालेला प्रयोग पाचव्यांदा करण्याआधी महाराष्ट्राचा फुटबॉल सांभाळणाऱ्या वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनने, उद्योजकांनी आणि राज्य सरकारने शाहू स्टेडियमवर एक दुपार घालवावी. महाराष्ट्रातून पुढचा व्यावसायिक संघ निघायचा असेल, तर पहिला मान कोल्हापूरचा आहे, आणि तालमींच्या कारभाऱ्यांनी एकत्र बसून तो मागायला हवा.