121 किलोमीटर किनारा, कंबरभर कचरा

मालवण तालुक्यातल्या तोंडवलीचा किनारा डोळ्यांसमोर आणा. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला गड नदीची खाडी, मध्ये सुरू आणि माडांची चिंचोळी पट्टी, आणि तळाशीलच्या टोकापर्यंत धावत गेलेली वाळू. या वाळूतला एक किलोमीटर लांब आणि 50 मीटर रुंद तुकडा मनात आखून घ्या.

मुंबईत एका दिवसात साधारण साडेसहा हजार टन कचरा निघतो. ओला-सुका एकत्र असलेला, फारसा न दाबलेला कचरा घनमीटरला 400 किलोच्या आसपास भरतो. म्हणजे रोजचे 16 हजार घनमीटर. हा एका दिवसाचा कचरा तोंडवलीच्या त्या तुकड्यावर सारखा पसरला, तर फूटभर थर बसेल. आठवडाभरात तो उभ्या माणसाच्या डोक्यावरून जाईल. दोन महिन्यांत उंच माडाच्या शेंड्याला टेकेल.

आता एक किलोमीटर सोडा, सिंधुदुर्ग जिल्ह्याचा सगळा किनारा घ्या. विजयदुर्गापासून रेडीपर्यंत 121 किलोमीटर. मुंबईचा एका वर्षाचा कचरा या अख्ख्या किनाऱ्यावर 50 मीटर रुंदीत पसरला, तर कंबरभर उंचीचा होतो. सगळ्या देशाच्या शहरांचा हिशेब याहून मोठा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020-21 च्या अहवालात तो दिवसाला 1 लाख 60 हजार टन आहे. याच मापानं महाराष्ट्राची 720 किलोमीटरची किनारपट्टी कंबरभर बुडवायला त्याला तीन महिने पुरतात. जागतिक बँकेच्या 2018 च्या अहवालानुसार जगातला नागरी घनकचरा वर्षाला 201 कोटी टन होता, आणि 2050 पर्यंत तो 340 कोटींवर जाईल असा त्यांचा अंदाज आहे.

मुंबईचा आकडा मी मुद्दाम आपल्या वाळूवर आणून ओतला. त्या साडेसहा हजार टनांत आपला वाटा आहे. मालवण तालुक्यात क्वचित एखादं घर असेल, ज्यातलं कोणी लालबाग-परळला किंवा भांडुपला नाही. गणपतीला गावी येणारा चाकरमानी वर्षाचे उरलेले साडेअकरा महिने सकाळी डबा दाराबाहेर ठेवतो आणि संध्याकाळी तो रिकामा सापडतो. मधल्या वेळात काय घडतं, कोणाच्या हातून घडतं, हे बघायची त्याला कधी गरजच पडत नाही.

मुंबईत कायम आणि कंत्राटी मिळून सफाई कामगार साधारण 30 हजार. 65 लाख किलो भागिले 30 हजार: माणशी दोन क्विंटलांहून जास्त, रोज. हा नुसता भागाकार आहे. झाडणाऱ्यांच्या वाट्याला वजन कमी येतं, तर गाडीवर कचरा चढवणाऱ्या ‘मोटर लोडर’च्या वाट्याला कितीतरी जास्त. आणि पावसाळ्यात तोच कचरा पाणी पिऊन जड होतो, पाटीतून गळतो, मानेवरून पाठीत उतरतो. सुधारक ओलवे यांनी या कामगारांची कृष्णधवल छायाचित्रं काढली आहेत. ती एकदा पाहिली की टनांचा आकडा पुन्हा कागदावरचा राहत नाही.

पुण्याचा हिशेब दारांचा आहे. तिथं 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पुढं त्यातूनच कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि 2008 मध्ये तिनं महापालिकेशी करार केला. या कामात बायका बहुसंख्य. एका बाईकडे दीडशे घरं आहेत असं धरू. महिन्याचे 26 दिवस, वर्षाचे 12 महिने: 46 हजार 800 वेळा ती कोणाच्या तरी दारात उभी राहते. वीस वर्षांत सव्वानऊ लाखांहून जास्त वेळा. तेवढ्या वेळा दार उघडतं, आणि दर वेळी उघडणारा माणूस ठरवतो की पिशवी हातात द्यायची की लांबूनच खाली टाकायची, पाणी विचारायचं की नाही, विचारलं तर कोणत्या भांड्यातून द्यायचं. आमच्या समाजाची तिच्याबद्दलची वृत्ती मोजायला यापेक्षा मोठा नमुना कोणत्याही संशोधकाला मिळणार नाही.

त्या पिशवीत काय असतं हेही मोजू. देशात वर्षाला सुमारे 1,230 कोटी सॅनिटरी पॅड वापरले जातात असा एक अंदाज वारंवार दिला जातो. दिवसाचे सव्वातीन कोटींहून जास्त. यातले किती कागदात गुंडाळलेले असतात? 2016 च्या घनकचरा नियमांनी ते नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यात देणं बंधनकारक केलं. तरी उघडे पॅड आणि डायपर भाजीच्या देठांत मिसळून येतात आणि कोणीतरी ते बोटांनी वेगळे करतं. म्हणून 2017 मध्ये पुण्याच्या कचरावेचक बायकांना सांगावं लागलं, की वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वर एक लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हाला उघडून बघावं लागणार नाही. मागणी एवढीच होती. एका ठिपक्याची. शिकल्या-सवरलेल्या सोसायट्यांत आजही ती पूर्ण होत नाही, याचा मला मनापासून संताप येतो.

त्याच नियमांत कामगारांना गणवेश, चमकणारं जाकीट, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणं आणि मास्क द्यायला सांगितलं होतं. तुमच्या गल्लीतल्या घंटागाडीवरच्या माणसाच्या अंगावर यातलं काय काय आहे ते उद्या सकाळी मोजा. कागदावरचा हक्क हातात पडायला किती वेळ लागतो याचं उदाहरण मुंबईतच आहे. कचरा वाहतूक श्रमिक संघानं 2,700 कंत्राटी कामगारांना महापालिकेचे कायम कामगार मानावं म्हणून लढा दिला. औद्योगिक न्यायाधिकरणाचा निकाल 2014 मध्ये त्यांच्या बाजूनं लागला, आणि सर्वोच्च न्यायालयाची मोहोर उमटायला एप्रिल 2017 उजाडला. गाडी त्याच शहराची, कचरा त्याच शहराचा, पण उचलणारा कोणाचा हे ठरायलाच इतकी वर्षं.

ही उदासीनता कुठून येते? एक आकडा ते स्पष्ट सांगतो. गटारं आणि सेप्टिक टाक्या साफ करणाऱ्या कामगारांची केंद्र सरकारनं नोंदणी केली, तेव्हा पहिल्या 38 हजारांतले सुमारे 92 टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गातले निघाले. काम जातीनं ठरतं आणि वागणूकही जातीनंच. डॉ. आंबेडकरांनी 1930 च्या दशकात मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ काढला, तो या कामगारांचा पगार आणि मान एकाच लढाईत मिळवावा लागतो हे ओळखूनच.

आपल्या जिल्ह्यात हे ओळखणारा एक माणूस कणकवलीला राहिला. अप्पासाहेब पटवर्धन 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात राजबंदी होते. संडास-सफाईचं काम मला द्या, अशी त्यांनी मागणी केली. जन्मानं ब्राह्मण, म्हणून अधिकाऱ्यांनी ती नाकारली. अप्पांनी अन्न कमी केलं, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनी त्या डिसेंबरात उपवास धरला. घाण उचलायचा हक्क मिळावा म्हणून दोन तुरुंगांत दोन माणसं उपाशी! पुढे 1948 मध्ये अप्पांनी कणकवलीला गोपुरी आश्रम उभा केला. मैल्याचं खत होईल अशा संडासांचे प्रयोग केले आणि ते स्वतःच्या हातानं साफ केले. कोकणचे गांधी म्हणून आपण त्यांचं नाव घेतो. केर उचलणाऱ्याच्या शेजारी बसून चहा प्यायची वेळ आली की मात्र ते नाव आठवत नाही.

सप्टेंबर 2016 मध्ये ग्रामीण स्वच्छता सर्वेक्षणात मैदानी भागातला देशातला सर्वांत स्वच्छ जिल्हा म्हणून सिंधुदुर्गाचं नाव जाहीर झालं. तो अभिमान खरा आहे. त्याच जिल्ह्यात वेंगुर्ला नगरपालिकेनं, रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना, घरोघरी कचरा वेगळा करायला लावला, आणि जिथं नाक दाबून जावं लागे तो डेपो लोक बघायला जाऊ लागले. तिथल्या कामगाराचं कामही बदललं, कारण वेगळा आलेला कचरा हाताळताना काच रुतत नाही आणि सुई टोचत नाही. घरात प्रत्येकी अर्धं मिनिट खर्च झालं, की डेपोवरच्या माणसाचे हात वाचतात.

खेड्यांचं गणित याहून अवघड आहे. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात, 5 हजारांच्या आतल्या वस्तीच्या गावाला घनकचऱ्याच्या सोयी उभारायला माणशी 60 रुपयांपर्यंत तरतूद होती. मालवणात पर्यटक जी सुरमई थाळी खातो, तिच्या एका ताटाच्या किमतीत पाच-सहा गावकऱ्यांची ती तरतूद बसते. शिवाय किनाऱ्यावरच्या गावाचा कचरा गावापुरता नसतो. पहिल्या पावसाच्या उधाणाबरोबर समुद्र बाटल्या, थर्माकोल, तुटकी जाळी, चपला वाळूवर आणून टाकतो. रापणीचं जाळं ओढलं की मासळीबरोबर प्लास्टिक येतं. 2010 या एका वर्षात जगभरातून सुमारे 80 लाख टन प्लास्टिक समुद्रात गेलं, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्यातला आपल्या किनाऱ्याला लागलेला वाटा वेचायला साठ रुपयांत माणूस कुठून उभा राहणार?

म्हणून किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीला माझं एक मागणं आहे. पर्यटकांमुळे ज्यांच्या हातात पैसा येतो त्या होमस्टे, हॉटेलं आणि बोटवाल्यांकडून कचऱ्याचं शुल्क घ्या आणि ते उचलणाऱ्याच्या पगाराला लावा. आणि वाचणाऱ्यांना सांगणं हे: 15 ऑगस्टच्या ग्रामसभेला जा. आपल्या वाडीतला केर कोण उचलतं, त्या माणसाला महिन्याला किती रुपये मिळतात, हातमोजे आणि गमबूट शेवटचे कधी दिले, विमा आहे की नाही, हे नाव घेऊन विचारा आणि मिळालेलं उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.