लेकीचे खजूर आणि आमची माती

मस्कतमध्ये इतकी वर्षे राहून आम्ही खजूर किलोकिलोने खाल्ले, पण लावले कधी नव्हते. एका रमजानात शेजारच्या ओमानी आजोबांनी दिलेल्या खजुरांच्या बिया लेकीने ओल्या फडक्यात रुजवल्या. सात रोपे आली. मग ती शिकायला पुण्याला गेली आणि रोपे आमच्या गळ्यात पडली. दर शुक्रवारी फोनवर पहिला प्रश्न, "माझे खजूर कसे आहेत?"

वाळवंटातले झाड म्हणून तिघांना आम्ही समुद्रकाठची वाळू घातली. बारीक वाळू भिजून घट्ट बसली, वर मिठाचा पांढरा थर आला, पाने करपली. मग आमच्यातला शेतकरी जागा झाला! पुढच्या तिघांना चिकट माती आणि भरपूर शेणखत. त्यांची मुळे कुजली. उरले एक.

आजोबा हसले. म्हणाले, "खजुराचे पाय पाण्यात आणि डोके आगीत, पण पाणी साचलेले नको." निझवाच्या बागांत फलजचे पाणी वाहत येते आणि मुरून जाते, ते आम्ही सहलीला जाऊन पाहिले होते, डोक्यात मात्र शिरले नव्हते. मुळांना ओलावा हवा, तशी हवाही हवी.

आता आमचे प्रमाण असे : जाड, धुतलेली वाळू दोन भाग, कोकोपीट एक भाग, परलाइट एक भाग, वर मूठभर पूर्ण कुजलेले खत. कोकोपीटमध्ये मीठ असू शकते, म्हणून आधी दोन-तीनदा धुवायचे. कुंडी रुंद नको, खोल हवी. मुळे खाली धावतात. तळाला भोके हवीतच. ओतलेले पाणी लगेच खालून निघाले पाहिजे. पुढचे पाणी बोट खुपसून वरची माती कोरडी लागली की मगच. आणि मधला कोंब मातीत कधीही गाडू नका, तो कुजला की रोप संपले.

बियांपासूनचे झाड नर की मादी, हे फुलोरा आल्यावरच कळते. त्याला काही वर्षे लागणार, तोवर आमचा व्हिसा राहील की नाही कोण जाणे! आजोबांनी मात्र आपल्या बागेत जागा दाखवून ठेवली आहे. नर निघाला तरी परागकण कामाला येतील, म्हणतात.

लेकीला आम्ही दर शुक्रवारी सांगतो, "छान आहेत." हा अंक तिच्या हाती पडला की बाकीच्या सहांचे कळेलच!