प्लझेनचा कडू घोट

बिअर म्हटलं की डोळ्यांपुढे सोनेरी, आरपार दिसणारा ग्लास येतो. १८४२ पूर्वीच्या युरोपात मात्र बहुतेक पेले तपकिरी आणि गढूळ असत. हा रंग पालटवला बोहेमियातल्या प्लझेन या शहरानं, आणि त्यामागे होती नासलेल्या बिअरची तक्रार.

१२९५ मध्ये वसलेल्या या शहरातल्या ठरावीक नागरिकांना बिअर बनवून विकण्याचा हक्क होता. ज्याची त्याची भट्टी, ज्याची त्याची चव, आणि पुष्कळदा ती आंबट. १८३८ मध्ये छत्तीस पिंपं पिण्याच्या लायकीची नाहीत असं ठरलं आणि ती सगळी टाउन हॉलसमोर ओतून देण्यात आली. मग हक्कदारांनी एकत्र येऊन पैसा घातला, मार्टिन स्टेल्झर या वास्तुकाराकडून सगळ्यांच्या मालकीची नवी ब्रूअरी बांधून घेतली आणि शेजारच्या बव्हेरियातून योसेफ ग्रोल हा एकोणतीस वर्षांचा ब्रूमास्टर बोलावला. ५ ऑक्टोबर १८४२ रोजी त्यानं पहिला घाणा घातला. ११ नोव्हेंबरला, सेंट मार्टिनच्या सणाला, गावानं तो चाखला.

ग्रोलनं बव्हेरियातली थंडीत आंबवण्याची, म्हणजे लागरची, रीत सोबत आणली. त्या रीतीतलं यीस्ट काम उरकून तळाशी बसतं. माल्ट मात्र इंग्लंडमध्ये रुळलेल्या पद्धतीनं, धूर लागू न देता गरम हवेवर वाळवलं, म्हणून ते फिकट राहिलं. बाकीचं त्या मुलखानं पुरवलं: मोराव्हियाची बार्ली, झातेत्सच्या परिसरातली हॉपची फुलं आणि प्लझेनचं पाणी.

यातलं पाणी सर्वांत महत्त्वाचं. प्लझेनच्या पाण्यात क्षार अगदी नगण्य आहेत. क्षारांनी, विशेषतः सल्फेटनं, भरलेल्या पाण्यात हॉपचा कडवटपणा बोचरा होतो. प्लझेनमध्ये तीच फुलं सढळ हातानं घातली तरी कडू चव जिभेवर गोल राहते. पिल्सनर उर्क्वेल या मूळ बिअरचा कडवटपणा आयबीयू या कडवटपणाच्या मापात सुमारे ४० भरतो. बाजारातल्या कारखानी लागरमध्ये तो बहुधा दहा-पंधराच्या आसपास असतो. एवढा फरक असूनही ही बिअर घशाला ओरखडत नाही, आणि मद्यार्क तर जेमतेम ४.४ टक्के.

दुसरं कारण भांड्यात आहे. भिजवलेल्या माल्टचा काही भाग काढून तांब्याच्या वेगळ्या भांड्यात आचेवर उकळायचा आणि परत मुख्य भांड्यात ओतायचा, असं तीनदा. थर्मामीटर हाताशी नव्हता त्या काळात तापमान टप्प्याटप्प्यानं चढवण्याची ही खात्रीची युक्ती होती. आज तिची गरज नाही. वेळ आणि इंधन वाचवण्यासाठी असंख्य ब्रूअरींनी ती सोडलीही. प्लझेननं सोडली नाही, हे चांगलंच झालं. त्या उकळण्यातून येणारा पावाच्या खरपूस कडेसारखा गोडवाच पुढच्या कडवटपणाला पेलून धरतो.

ब्रूअरीखाली सुमारे नऊ किलोमीटर लांबीची तळघरं खोदलेली आहेत. शीतयंत्रं येण्याआधी बर्फ साठवून ती थंड राखत. विसाव्या शतकाच्या शेवटी बिअर पोलादी टाक्यांत गेली, पण थोडी बिअर आजही तळघरातल्या ओकच्या पिंपांत जुन्या रीतीनं मुरवतात आणि टाकीतल्या बिअरशी चव ताडून पाहतात. पिंपांना आतून राळेचा थर असतो, त्यामुळे लाकडाची चव उतरत नाही. पाहुण्यांना ही बिअर थेट पिंपातून, न गाळता मिळते. यीस्टमुळे ती किंचित धूसर दिसते आणि बाटलीतल्या बिअरपेक्षा भरीव लागते.

चाखताना सुरुवात फेसापासून करावी. चेक लोक फेसाला मापातली चोरी समजत नाहीत; दाट, ओला फेस बिअरचं हवेपासून रक्षण करतो आणि हॉपचा गंध धरून ठेवतो. तिथल्या बारमध्ये ‘म्लीको’ नावाचा जवळजवळ निव्वळ फेसाचा ग्लासही मागता येतो. फेसाखालून आधी बार्लीचा गंध येतो, मग झातेत्सच्या हॉपचा ओल्या पाल्यासारखा, किंचित मसालेदार वास. तो हॉपचा प्रदेश २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत दाखल झाला. घोट गिळल्यावर मात्र घाई करू नये: कडवटपणा हळूहळू वर येतो, रेंगाळतो आणि तोंड कोरडं करून पुढचा घोट मागतो.

दोष लपवायला या बिअरमध्ये जागाच नाही. भाजक्या माल्टचा गडदपणा नाही, फळांचा अर्क नाही. उकळण्यात कसूर झाली तर शिजवलेल्या मक्याचा वास येतो. यीस्टला पुरेसा वेळ मिळाला नाही तर लोण्याचा. त्याची पुसटशी छटा प्लझेनच्या बिअरमध्येही असते आणि तिथे ती शोभते, पण जरा वाढली की बिअर तेलकट वाटते. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीतून ऊन लागलं तर हॉपमधली कडू द्रव्यं मोडतात आणि उग्र, गंधकी दर्प सुटतो.

महाराष्ट्रात ताज्या, स्थानिक बिअरची वाट २००९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या डूलालीसारख्या मायक्रोब्रूअरींनी उघडली. पिल्सनर, म्हणजे प्लझेनच्या धर्तीची बिअर, तिथेही बनवता येते: कठीण पाण्याच्या गावात ब्रूअर आरओ लावून क्षार काढू शकतो आणि हवे तेवढे परत घालू शकतो. झातेत्सचं हॉप आयात करता येतं. अडचण असते टाकीची. गव्हाची बिअर साधारण दोन-तीन आठवड्यांत ग्लासात येते, तर पिल्सनर शून्य अंशाच्या आसपास कित्येक आठवडे टाकी अडवून बसते. मोजक्या टाक्यांच्या मायक्रोब्रूअरीत त्या दिवसांचा खर्च वीजबिलात आणि हुकलेल्या विक्रीत दिसतो. म्हणून फळ्यावर पिल्सनर दिसली, तर ती किती आठवडे थंडीत मुरली हे बारमध्ये बेलाशक विचारावं आणि पहिला ग्लास तिचाच घ्यावा. आधी आंब्याची किंवा कॉफीची बिअर झाली, तर हॉपचा तो हलका गंध जिभेला आणि नाकाला सापडत नाही.