लालबागला जायचंय? मग फास्ट सोडा

डोंबिवलीकराला लोकल शिकवायला जाऊ नये. कुठल्या डब्यात चढलं की दादरला जिना समोर येतो, दिव्याला थांबणाऱ्या गाडीत कुठलं दार टाळायचं, कुर्ल्याला पुढे सरकायला सुरुवात कधी करायची, हे तो झोपेतही सांगेल. पण हे शहाणपण सोमवार ते शनिवारचं, ऑफिसच्या गर्दीत घडलेलं. गणपतीतली एखादी संध्याकाळ, सहा डिसेंबरचा महापरिनिर्वाण दिन किंवा मरीन ड्राइव्हवर विजयी मिरवणूक असेल तो दिवस, अशा वेळी तेच शहाणपण माणसाला नको तिथे आणि नको त्या घटकेला नेऊन सोडतं.

रोजचे नियम तीन. फास्ट पकडा, जवळात जवळच्या स्टेशनला उतरा आणि काम झालं की मिळेल त्या पहिल्या गाडीने परत फिरा. उत्सवाच्या दिवशी हे तिन्ही उलटे करायचे. का, ते कळायचं तर गाडीपेक्षा जिन्याकडे बघावं लागतं.

बारा डब्यांच्या लोकलमध्ये बसायला साधारण अकराशे-बाराशे जागा असतात. ठासून भरली की माणसं पाच हजारांच्या घरात जातात. त्यातली दीड हजार एकाच छोट्या स्टेशनवर उतरली असं धरू. गाडी अर्धा मिनिट थांबते आणि निघून जाते, तिचं काम संपलं. गर्दीचा अभ्यास करणारे सांगतात, की सगळे एकाच दिशेने आणि शिस्तीत चालले तरी एक मीटर रुंदीच्या जिन्यावरून मिनिटाला साठ-सत्तरच्या वर माणसं जात नाहीत. म्हणजे तीन मीटरच्या जिन्यावरून दोनशेच्या आतबाहेर. दीड हजार लोकांना फलाट सोडायला सात-आठ मिनिटं हवीत, आणि मागची लोकल चार मिनिटांत येऊन उभी राहते. त्यात दर्शन घेऊन परतणारे समोरून येत असतात, अर्धा जिना त्यांचा. हिशेब बिघडतो तो इथे. चौरस मीटरमध्ये चार-पाच माणसं असेपर्यंत आपण आपल्या पायांनी चालतो. सहा-सातच्या पुढे गेलं की गर्दी नेईल तिकडे जायचं, थांबायचं म्हटलं तरी थांबता येत नाही. त्यासाठी कुणी मुद्दाम ढकलावं लागत नाही.

मुंबईने हे २९ सप्टेंबर २०१७ ला पाहिलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला पावसाची सर आली. परळ आणि तेव्हाचं एल्फिन्स्टन रोड ही स्टेशनं जोडणाऱ्या अरुंद पुलाच्या छपराखाली लोक जिन्यावरच थांबून राहिले आणि खाली गाड्या माणसं उतरवत राहिल्या. २३ जण गेले. त्या दिवशी तिथे मिरवणूक नव्हती की मेळावा नव्हता, नेहमीचीच कामावर जाणारी गर्दी होती. पुढे लष्कराच्या मदतीने तिथे नवा पूल बांधला गेला, २०१८ च्या फेब्रुवारीत तो सुरू झाला, आणि त्याच वर्षी स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं.

हे एकदा लक्षात आलं की रेल्वेच्या काही उपायांवर चिडायचं कारण राहत नाही. अनंत चतुर्दशीला संध्याकाळच्या काही तासांत चर्नी रोडच्या दोन नंबरच्या फलाटावर चर्चगेटकडे जाणाऱ्या स्लो गाड्या थांबवायच्या नाहीत, असा निर्णय पश्चिम रेल्वेने गेल्या काही वर्षांत घेतला आहे. ‘गिरगावला जायचंय आणि चर्नी रोडलाच गाडी नाही’ म्हणून लोक वैतागतात. पण गाडी न थांबणं ही त्या जिन्यावरच्या माणसांची सोय असते. सोलमधल्या इतेवॉन भागात २९ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री जेमतेम सव्वातीन मीटर रुंदीच्या उताराच्या गल्लीत झालेल्या चेंगराचेंगरीने १५९ जणांचा बळी घेतला. भुयारी रेल्वेचं स्टेशन तिथून पावलांवर होतं, आणि त्या रात्री गाड्या तिथे थांबतच राहिल्या होत्या.

तेव्हा पहिला प्रश्न गाडी कुठली हा नाही, उतरायचं कुठे हा आहे. लालबागचा राजा घ्या. हे मंडळ १९३४ चं. जवळची स्टेशनं करी रोड आणि चिंचपोकळी, म्हणून सगळे तिथेच उतरतात. गणेश गल्लीचा मुंबईचा राजा आणि चिंचपोकळीचा चिंतामणीही याच टापूत असल्याने गर्दी तिप्पट. दोन्ही स्टेशनं स्लो गाड्यांची. डोंबिवलीकर सवयीने फास्टने दादर गाठतो आणि तिथून स्लो पकडतो, म्हणजे आधी दादरच्या पुलावर आणि मग करी रोडच्या जिन्यावर अशी दोनदा गर्दी अंगावर घेतो. त्यापेक्षा डोंबिवलीहूनच सुटणारी स्लो धरावी. पंधरा-वीस मिनिटं जास्त जातील. पण बसायला मिळेल, आणि परळला उतरून भारतमातावरून चालत जाता येईल. वीस-पंचवीस मिनिटांची चाल आहे, रस्ता रुंद आहे, वाटेत चहाही मिळतो. फास्टच हवी असेल तर भायखळ्यापर्यंत जा आणि तिथून चाला, किंवा उलट येणाऱ्या स्लोने एक स्टेशन मागे या. तिसरी वाट फार कमी लोक वापरतात: कुर्ल्याला हार्बर लाइन बदलून कॉटन ग्रीन. तिथून लालबाग वीसेक मिनिटांवर आहे, आणि कल्याणकडची सगळी गर्दी त्या बाजूला फिरकतही नाही.

बरीच वर्षं दादरला न बदललेल्यांसाठी एक सूचना. ९ डिसेंबर २०२३ पासून तिथले फलाट सलग १ ते १४ असे मोजले जातात. मध्य रेल्वेचा जुना एक नंबर आता आठ आहे. ‘एक नंबरला भेटू’ असं ठरवलंत तर निम्मे लोक पश्चिम रेल्वेवर उभे राहतील.

गिरगाव चौपाटीचं गणित निराळं. पूर्वी दादरला पश्चिम रेल्वे बदलून चर्नी रोड, किंवा सीएसएमटीहून तीनेक किलोमीटर पायपीट, एवढेच मार्ग होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पूर्ण झाली आणि सीएसएमटी, काळबादेवी, गिरगाव अशी सरळ वाट मिळाली. पूर्ण मार्ग सुरू झाल्यानंतरचा पहिला गणेशोत्सव २०२६ चा. डोंबिवलीहून सीएसएमटीपर्यंत एकाच गाडीत बसून जायचं आणि तिथून भुयारी मार्गाने मेट्रोत शिरायचं, हे मला चर्नी रोडपेक्षा केव्हाही बरं वाटतं. मात्र मेट्रो जाण्यापुरती धरा. एरवी तिची शेवटची गाडी रात्री साडेदहाच्या सुमाराची असते, आणि विसर्जनाला त्या वेळी कुठे रंग चढू लागलेला असतो. टॅक्सीचा विचारही नको, त्या दिवशी दक्षिण मुंबईतले बरेच रस्ते वाहनांना बंद असतात.

आता चढण्याकडे येऊ. बँक हॉलिडेला लोकल बहुतेक वेळा रविवारच्या वेळापत्रकाप्रमाणे धावते. म्हणजे ज्या दिवशी बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर आणि कल्याणची घरंच्या घरं एकदम बाहेर पडतात, त्याच दिवशी गाड्या कमी. मध्य रेल्वे एरवी दिवसाला अठराशेवर फेऱ्या चालवते, त्यामुळे आपण ‘ही गेली तर मागची’ या हिशेबाने वागतो. सुट्टीला मागची गाडी बऱ्याच वेळाने येते आणि तीही भरून येते.

सुट्टीच्या दुपारी डोंबिवलीच्या फास्टच्या फलाटावर उभं राहून बघा. टिटवाळा किंवा कर्जतची गाडी लागते. आत आधीच झब्बे, पैठण्या, फुगे आणि दारात मधोमध उभं राहिलेलं एखादं कुटुंब, कारण आत सरकायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. बाहेरच्या कुटुंबातले वडील सवयीने उडी मारून आत शिरतात. आई पर्स आणि डबा सांभाळत दांडा शोधते. मुलगी आजीचा हात सोडायला तयार नाही. पंचवीस सेकंद संपतात, गाडी हलते आणि वडील आतून ओरडतात, ‘मागच्या गाडीने या, ठाण्याला थांबतो!’ ऑफिसला जाणारा माणूस एकटा असतो. उत्सवाला जाणारी पाच-सहा माणसं एकत्र असतात आणि त्यांचा वेग सर्वांत हळू माणसाचा असतो. डोंबिवली लोकल रिकामी लागते, तिच्यात आजी बसते, हे एक कारणही स्लो पकडायला पुरेसं आहे.

आणि दाराचा मोह नको. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या शेजारून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. चार जण त्याच दिवशी दगावले. ते रोजचे, सरावलेले प्रवासी होते. उत्सवाच्या दिवशी दारात असतात ती वर्षातून दोनदा लोकलने जाणारी मुलं, हातात मोबाइल घेतलेली. गाडीत शिरल्यावर पुढच्याला ‘दादर उतरणार का?’ विचारायची पद्धतही या गर्दीला ठाऊक नसते. आपण विचारायचं आणि कुर्ला सोडलं की जागा बदलत सरकायचं. नाहीतर दादर दिसतं आणि दादर जातं.

परतीचा नियम मात्र सर्वांत अवघड, कारण तिथे मन आडवं येतं. शहर माणसं दिवसभर थोडी थोडी आत घेतं. कार्यक्रम संपला की सगळी एकदम बाहेर पडतात. ४ जुलै २०२४ ला टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून आलेल्या भारतीय संघाची मिरवणूक पाचला सुरू होणार होती, ती साडेसातनंतर निघाली. दुपारपासून उभी असलेली माणसं मग एकाच वेळी चर्चगेट, मरीन लाइन्स आणि सीएसएमटीकडे वळली. २०२५ च्या अनंत चतुर्दशीला, ६ सप्टेंबरला, निघालेला लालबागचा राजा भरतीमुळे अडकला आणि त्याचं विसर्जन व्हायला दुसऱ्या दिवशीची रात्र झाली. कार्यक्रमाच्या वेळेवर घरी जायचं गणित बांधणारा फसतो. गाडी ठरवायची आणि तिच्या वेळेला निघायचं, मग समोर राजा असो की रोहित शर्मा.

मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात कल्याणकडच्या नेहमीच्या गाड्या संपतात आणि पहाटे चारच्या पुढे पुन्हा सुरू होतात. अनंत चतुर्दशीच्या रात्री मध्य रेल्वे या पोकळीत सीएसएमटी ते कल्याण, ठाणे आणि हार्बरवर विशेष लोकल सोडते. त्या सगळ्या स्टेशनांवर थांबतात. म्हणून दोनच वेळा चांगल्या: एक तर साडेनऊ-दहाच्या आत निघायचं, नाहीतर दीडनंतरच्या विशेष गाडीची वाट पाहायची. अकरा ते साडेबारा या दीड तासात भायखळा आणि दादरला जे चालतं त्याला प्रवास म्हणवत नाही. या वेळात अडकलातच, तर दादरकडे न जाता उलटं सीएसएमटीला जा. गाडी तिथून सुटते, तिथे बसायला मिळतं, आणि भायखळ्याला चढू न शकलेल्यांकडे खिडकीतून बघायचं पाप तेवढं लागतं.

अशा विशेष गाड्या इतर दिवशीही असतात, आणि ज्यांना त्या ठाऊक नसतात ते फुकट रात्र काढतात. ५ डिसेंबरच्या मध्यरात्री चैत्यभूमीला जाणाऱ्यांसाठी कल्याण, ठाणे आणि कुर्ल्याहून परळपर्यंत लोकल सोडल्या जातात आणि तिथून पुन्हा परत. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या रविवारी धावपटूंसाठी पहाटे तीनच्या सुमाराला कल्याणहून सीएसएमटीची गाडी असते. डोंबिवलीच्या फलाटावर त्या वेळी छातीवर क्रमांक लावलेली मंडळी केळी खाताना दिसतात. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला मात्र मुंबईत शिरायचंच नसतं. ठाण्याला नऊ-दहा नंबरवर ट्रान्सहार्बर बदलली की झालं. कोल्डप्लेच्या कार्यक्रमांना जानेवारी २०२५ मध्ये डोंबिवलीतून कितीतरी मुलं तशीच गेली.

आपल्या गावातही गर्दी होते, पण तिची गोष्ट वेगळी. श्री गणेश मंदिर संस्थानाने १९९९ मध्ये सुरू केलेली गुढीपाडव्याची स्वागतयात्रा आणि दिवाळी पहाटेचा फडके रोड, दोन्हीला मुंगीला वाट नसते. तरी माणसं दहा गल्ल्यांतून चालत येतात आणि दहा गल्ल्यांतून परत जातात. लालबागला गल्ल्या कमी नाहीत, पण लोक तिथे दोन जिन्यांवरून येतात.

राहता राहिला शेवटचा टप्पा. विशेष लोकल रात्री तीनच्या आसपास डोंबिवलीला येते, तेव्हा शेअर रिक्षा नसते. रामनगर, टिळकनगर, फडके रोडवाले चालत घरी जातात. एमआयडीसी, खोणी-पलावा, मानपाडा, पश्चिमेला गरीबाचा वाडा इथले लोक पूर्वेला आणि पश्चिमेला जेमतेम असलेल्या रिक्षांभोवती गोळा होतात, आणि भाडं रिक्षावाला सांगेल ते. एकाच बाजूला जाणाऱ्या दोन-तीन घरांनी गाडीतच बोलून ठेवलं तर निदान भाडं वाटून जातं. खरं तर विशेष गाड्यांच्या वेळा रेल्वे आधी जाहीर करते. त्या वेळेला इंदिरा चौकातून परिवहनच्या चार-पाच बस सोडायच्या म्हटल्या तर फार तर चार-पाच चालक आणि तेवढेच वाहक रात्रपाळीला लावावे लागतील.