राजधानी सातारा

देशाची राजधानी कोणती, असे विचारले तर प्राथमिक शाळेतील मूलही 'दिल्ली' असे उत्तर देते. परंतु राजधानी म्हणजे नेमके काय, आणि सत्ता निघून गेल्यावर त्या गावाचे काय होते, हे समजून घेण्यास सातारा-सांगलीकडील विद्यार्थ्यांना दिल्ली गाठावी लागत नाही.

रायगड १६८९ मध्ये मोगलांच्या हाती पडला. राजाराम महाराजांना जिंजीस जावे लागले. तेथून परतल्यावर साताऱ्याच्या किल्ल्यास राजधानीचे महत्त्व आले. ते ओळखूनच औरंगजेबाने डिसेंबर १६९९ मध्ये स्वतः येऊन किल्ल्यास वेढा दिला. प्रयागजी प्रभूंनी तो चार महिन्यांहून अधिक काळ झुंजविला. किल्ला पडला तेव्हा त्याचे नाव 'आझमतारा' झाले. मराठ्यांनी तो परत घेतल्यावर 'अजिंक्यतारा' हे नाव रूढ झाले. मोगलांच्या कैदेतून सुटलेल्या शाहू महाराजांचा राज्याभिषेक १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास झाला आणि किल्ल्याच्या पायथ्याशी शाहूनगर वसले. आजचे सातारा शहर ते हेच.

शाहू महाराज १७४९ मध्ये निवर्तले आणि कारभार पुण्यास गेला. गंमत अशी की पेशवेपदाची वस्त्रे मात्र शेवटपर्यंत साताऱ्याच्या छत्रपतींकडूनच आणावी लागत. मान साताऱ्यात आणि हुकूम पुण्यात! राजधानी नावाने एक असते आणि व्यवहारात दुसरी, हा धडा इतका स्पष्ट अन्यत्र क्वचितच मिळेल.

इंग्रजांनी १८१८ मध्ये पेशवाई बुडवून प्रतापसिंह महाराजांना गादीवर पुन्हा अधिकार दिला. महाराजांनी महाबळेश्वरपर्यंत रस्ता केला, शहराच्या पाण्याची व्यवस्था पाहिली. पण १८३९ मध्ये इंग्रजांनीच त्यांना पदच्युत करून काशीस पाठविले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले व अनेक वर्षे तेथे झगडले. कारण साताऱ्याचा निर्णय आता तेथे होत होता. १८४८ मध्ये दत्तक नामंजूर करून डलहौसीने राज्य खालसा केले आणि सातारा जिल्ह्याचे ठिकाण उरले.

न्याय मागणाऱ्याला राजधानी किती दूर पडते, हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही १९५५ मध्ये भाषावार राज्यांवरील आपल्या ग्रंथात मांडला. दिल्ली दक्षिणेकडील लोकांना दूर व गैरसोयीची आहे, शिवाय शत्रूच्या हल्ल्याच्या टप्प्यात आहे. म्हणून हैदराबाद ही दुसरी राजधानी करावी, असे त्यांचे मत होते. ते मानले गेले नाही. तरी मुंबईहून मंत्रालयाचे काम उरकून रात्रीच्या एस.टी.ने परतणाऱ्या आपल्याकडील कोणासही त्यातील मर्म कळेल.

बाबासाहेबांचे बालपण याच साताऱ्यात गेले. त्यांच्या मातोश्री भीमाबाई यांचे निधनही येथेच झाले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी राजवाड्यात भरणाऱ्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, त्यांनी इंग्रजी पहिलीत प्रवेश घेतला. एकेकाळी जेथून राज्य चाले त्या नगरीत या मुलाला वर्गातील मुलांमध्ये बसता येत नव्हते. कोपऱ्यात बसावयाचे, स्वतःच्या तरटावर. आणि ते तरट रोज घरी न्यावयाचे, कारण शाळा झाडणारा नोकरही त्याला शिवत नसे. शिपाई नसेल तर पाणीही मिळत नसे. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. १९०४ मध्ये ते साताऱ्याहून मुंबईस गेले.

पुढे याच मुलाने दिल्लीत राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषविले. महाराष्ट्र शासन आता ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. हायस्कुलाच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकासमोर भिवा रामजी आंबेडकर हे नाव आजही वाचता येते.