शरीराचे ऐकावे, पण किती?

हर्नडन गावात जुन्या रेल्वे स्टेशनापाशी मालगाडीचा एक लाल डबा कायमचा उभा आहे. ही रेल्वे १९६८ साली बंद पडली, रूळ उखडले गेले, आणि त्या जागी पुढे चालणाऱ्यांसाठी व सायकलवाल्यांसाठी पंचेचाळीस मैलांची डब्ल्यू अँड ओडी ट्रेल झाली. संध्याकाळी तिथे गेलात तर दोन-तीन मराठी जोडपी हमखास भेटतात. आम्हीही त्यातलेच.

तीन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात आमचे 'हे' त्या लाल डब्यापाशी थांबू लागले. आधी बुटाची नाडी बांधायला. मग फोन बघायला. मग झाडांच्या पानांचे रंग बघायला. पंचवीस वर्षांत ज्या माणसाने फॉल कलर्सकडे मान वर करून पाहिले नाही, तो अचानक निसर्गप्रेमी झाला याचे मला कौतुक वाटले. खरे म्हणजे संशय यायला हवा होता.

"अहो, दम लागतोय का तुम्हाला?" एकदा मी विचारलेही.

"छे गं. दुपारचा राजमा जरा जड झाला."

मग ओवा झाला, हिंगाचे पाणी झाले, कारमध्ये टम्सची बाटली आली. चार महिन्यांपूर्वीच वार्षिक तपासणी झाली होती. पाच फूट सात इंच उंची, वजन एकशे बेचाळीस पौंड. डॉक्टरांनी पाठ थोपटली होती की तुमच्या वयाचे इतके सडपातळ पेशंट मी फार पाहत नाही. त्यामुळे काळजी करायची कशाला? थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात सासूबाई येणार म्हणून बेसमेंटमधून पलंगाची गादी वर आणताना हे तिसऱ्या पायरीवर बसले ते उठेनात. घाम, डाव्या जबड्यात कळ, आणि तोंडाने अजून "गॅसेस आहेत" हेच. मी ९११ फिरवला. रात्री दोन स्टेंट बसले.

हे सगळे जाहीरपणे लिहायला यांची परवानगी आहे. किंबहुना "लिही, म्हणजे लोक मला भेटल्यावर तेच तेच विचारणार नाहीत," असा आग्रहच आहे.

नंतरच्या महिन्यांत मी बरेच वाचन केले. अशा वेळी दोन्ही बाजूंनी सल्ले येतात. इथले म्हणतात, शरीरावर विश्वास ठेवा, ते सगळे सांगत असते. तिकडचे म्हणतात, आपल्या आयुर्वेदात सगळे आहे, त्या स्टॅटिनच्या गोळ्या फेकून द्या. म्हटले, आयुर्वेदात नक्की काय आहे ते तरी बघू. वडिलांच्या कपाटातून आणलेली चरकसंहितेची मराठी भाषांतराची प्रत इतकी वर्षे शोभेलाच होती.

सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायाचे नाव आहे 'नवेगान्धारणीय', म्हणजे जे वेग अडवून धरू नयेत त्यांविषयीचा अध्याय. चरकाने असे तेरा वेग मोजले आहेत: मूत्र, मल, शुक्र, अपानवायू, उलटी, शिंक, ढेकर, जांभई, भूक, तहान, अश्रू, झोप आणि श्रमाने लागलेला श्वास. प्रत्येक वेग अडवला तर काय होते हेही सांगितले आहे.

मंडळी, ही यादी हातात घेऊन डलेस कॉरिडॉरमधल्या कुठल्याही ऑफिसात एक दिवस बसा. मीटिंग लांबली म्हणून लघवी अडवलेली. लंचच्या वेळी डेमो म्हणून भूक अडवलेली. बंगलोरच्या टीमशी रात्री साडेदहाचा कॉल म्हणून झोप अडवलेली. बॉससमोर जांभई गिळलेली. दिवसभरात आपण सहा-सात वेग अडवतो, आणि त्याला प्रोफेशनल वागणे म्हणतो!

यादीतला शेवटचा वेग वाचताना मी थबकले. श्रमाचा श्वास अडवल्याने जे विकार होतात म्हणून चरक सांगतो, त्यांत हृद्रोगाचे नाव आहे. चरकाला अँजिओग्राफी दिसली होती असा अर्थ मी काढत नाही. आजच्या वैद्यकात रोहिणी अरुंद झाल्यामुळे दम लागतो, दम अडवल्याने रोहिणी अरुंद होत नाहीत. पण चालताना लागणारा आणि थांबल्यावर उतरणारा दम, किंवा छातीत, जबड्यात, खांद्यात येणारा दाब ही त्या विकाराची नेहमीची हाक आहे एवढे मात्र खरे. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये ही हाक अधिक अस्पष्ट असू शकते: नुसता थकवा, मळमळ, पाठीत दुखणे. आमच्या घरी ती हाक सहा आठवडे येत होती, आणि आम्ही तिला राजमा म्हणत होतो.

तेरांपैकी अश्रूंबद्दल थोडे लिहिले पाहिजे. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये तिकडे कोविडची दुसरी लाट आली, तेव्हा माझे सासरे सांगलीत गेले. जाणे शक्य झाले नाही. यांनी बेडरूममध्ये फोनवर सगळे पाहिले, आंघोळ केली, आणि नऊच्या मीटिंगला बसले. कॅमेराही चालू होता. आपल्यातल्या किती घरांत असे झाले असेल! मला त्या वेळी वाटले होते, किती खंबीर. गंमत अशी की चरक याच अध्यायात पुढे जे वेग आवरलेच पाहिजेत तेही सांगतो, आणि त्यांत लोभ, भय, क्रोध, मत्सर यांच्याबरोबर शोकही आहे. म्हणजे अश्रू अडवायचे नाहीत आणि शोकाला मात्र आवर घालायचा. आम्ही बरोबर उलटे केले होते. डोळे कोरडे ठेवले, आणि शोक चार वर्षे घरात वावरत राहिला.

इथवर शरीराचे ऐकण्याची बाजू झाली. पण यांच्या शरीराने त्या आधीची वीस वर्षे काहीच सांगितले नव्हते. साखर प्रीडायबेटिसपर्यंत चढली तेव्हा काही दुखले नाही. रोहिणींत चरबी साठली तेव्हाही नाही. आरसा तर चक्क खोटे बोलत होता, सडपातळ आहेस म्हणून.

या खोट्या आरशाचा शोध एका पुणेकराने लावला आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! एक जण मॅरेथॉन धावतो आणि दुसऱ्याचा मुख्य व्यायाम म्हणजे हॉस्पिटलची लिफ्ट पकडायला धावणे, अशी कबुलीही त्या मजकुरात आहे. आमच्या यांचा बीएमआय २२.२ होता.

कारण मात्र नुसते लिफ्टचे नाही. याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गर्भवती मातांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे सरासरी जन्मवजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपल्या बाळांत स्नायू आणि पोटातले अवयव लहान, पण कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ तितकीच राखलेली. बारीक दिसणारे, पण आतून चरबीचे हे शरीर आपण जन्मतःच घेऊन येतो. पुढे त्याला कार, खुर्ची आणि कॉस्टकोचा आठवड्याचा किराणा भेटला की काय होते ते आपल्या ओळखीपाळखीत मोजून पाहा.

इथल्या वैद्यकानेही हे हळूहळू मान्य केले. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ साली आशियाई लोकांसाठी मधुमेहाची चाचणी करण्याची बीएमआयची मर्यादा २५ वरून २३ वर आणली. पाच फूट आठ इंचांच्या माणसाला याचा अर्थ १६४ ऐवजी १५१ पौंड. कोलेस्टेरॉलविषयीच्या २०१८ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत दक्षिण आशियाई वंश हा धोका वाढवणारा घटक म्हणून नोंदला गेला. पण पंधरा मिनिटांच्या भेटीत प्रत्येक डॉक्टरला ते आठवेलच असे नाही. तेव्हा आपणच विचारावे: ए-वन-सी काय आहे? कंबर किती? (आपल्याकडच्या पुरुषांना नव्वद सेंटिमीटर, बायकांना ऐंशी ही मर्यादा धरतात. पॅंटचा नंबर सांगू नका, टेप लावा.) आणि लिपोप्रोटीन-ए. हे बहुतांशी आनुवंशिक असते, आहाराने फारसे बदलत नाही, म्हणून बहुतेकांना आयुष्यात एकदा तपासले तरी पुरते. यांचे तपासले तेव्हा भरपूर निघाले. रोज सूर्यनमस्कार घातले असते तरी ते तितकेच असते.

आता 'होलिस्टिक'विषयी. हा शब्द इथे इतका स्वस्त झाला आहे की शांपूच्या बाटलीवरही असतो. मला त्याचा अर्थ डॉ. अभय बंग यांच्या 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकावरून कळला. आपल्यातल्या अनेकांच्या घरी ते असेल. बंग पती-पत्नींनी सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण इथून तासाभरावरच्या बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समध्ये घेतले आणि १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' सुरू केले. १९९५ मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, अभय बंगांना हृदयविकाराने गाठले. त्यांनी ज्यांचा मार्ग अभ्यासला त्या डॉ. डीन ऑर्निश यांचा प्रयोग १९९० साली प्रसिद्ध झाला होता: अत्यल्प चरबीचा शाकाहार, चालणे, योगासने-ध्यान, आणि रुग्णांनी गटात बसून मन मोकळे करणे. प्रयोग लहान होता, पन्नासांहूनही कमी रुग्णांचा. तरी २०१० पासून मेडिकेअर त्या पद्धतीच्या कार्यक्रमाचा खर्च देते.

हे सगळे औषधांच्या जोडीने करायचे आहे. यांचा एक चुलतभाऊ पुण्याहून दर रविवारी फोन करून गुग्गुळ घ्यायला सांगे. गुग्गुळाची पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रीतसर चाचणी झाली, १०३ जणांवर, २००३ साली. वाईट कोलेस्टेरॉल उतरले नाही, उलट किंचित चढले. बोस्टनच्या दुकानांतली सत्तर आयुर्वेदिक औषधे २००४ मध्ये तपासली, त्यांतल्या चौदांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. म्हणून सगळा आयुर्वेद टाकाऊ ठरत नाही. पण पुडीत काय आहे ते आपल्या कार्डिऑलॉजिस्टला दाखवावे. सासूबाईंच्या बॅगेतून निघालेल्या सात पुड्या मी तशाच नेऊन दाखवल्या. त्यांनी हसण्यावारी नेले नाही, एकेक वाचली. चार परत मिळाल्या.

हल्ली हे रात्री साडेदहाचा कॉल घेत नाहीत. सोमवारी संध्याकाळी हार्ट पेशंटांच्या गटात जाऊन बसतात. पहिले दोन महिने तिथे फक्त हवामानावर बोलले. तिसऱ्या महिन्यात एकदा उशिरा घरी आले, डोळे लाल होते, आणि सांगलीच्या घरातल्या वडिलांच्या झोपाळ्याबद्दल जेवताना खूप वेळ बोलत होते.

लाल डब्यापाशी आम्ही अजून थांबतो. कधी दम लागतो, कधी नाही. विचारले की आता खरे सांगतात. लेक सव्वीस वर्षांची आहे, रोज पाच मैल धावते. तिचा लिपोप्रोटीन-एचा रिपोर्ट पुढच्या मंगळवारी यायचा आहे.